दुसरेपणाचं इंजिन

मी पाचोऱ्याला गेलो होतो तो कपाट आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या कॉलनीत असं पसरलं की जितू सर मोटारीच्या नादाला लागले आणि घरादाराकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. मला कसलाही नाद नाही. मी धुळ्याच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेतले सगळे फलक, गॅदरिंगचे पडदे आणि मुख्याध्यापकांच्या भाचीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती ही कामं ज्याच्या गळ्यात असतात, त्याला नादाला वेळ मिळत नाही.

तर कपाट. पाचोऱ्याला चुडामण शेठची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. माझे वडील, लोटन आबा, त्या शेठकडे सोळा वर्षं ड्रायव्हर होते. शेठ गेले, जिनिंग बंद पडली, आणि यंदा शेठचा नातू कुंदन सगळं आवरून पुण्याला निघाला. निघण्याआधी त्याने मला फोन केला. "जितूभाऊ, आबांनी आमच्याकडे उमेदीची वर्षं काढली. घरातली एखादी वस्तू आठवण म्हणून घेऊन जा."

मी फोन कानाला लावलेला असतानाच कोकिळाने, म्हणजे माझ्या बायकोने, समोर उभं राहून हवेत दोन्ही हातांनी कपाट काढून दाखवलं. हवेत कपाट काढणं सोपं नाही. तिने दोन दारं, आरसा आणि खालचा खण असं सगळं काढलं. चित्रकलेचं प्रशस्तिपत्र घरात माझ्या नावाचं आहे, पण ते असो.

कपाट खरोखर चांगलं होतं. शिसवी, जड, आरशाला एकही डाग नाही. मी त्याचं माप घेतलं आणि ते लिहायला उजेड हवा म्हणून मागच्या दाराने जिनिंगच्या शेडकडे गेलो. तिथे रिकाम्या बारदानाच्या ढिगाखालून एक लांब लाल नाक बाहेर आलेलं दिसलं.

बारदान ओढलं तशी धूळ उठली आणि मग हळूहळू बसली. दोनच सीट, कापडी टप, दारं इतकी बुटकी की बसल्या बसल्या हात बाहेर सोडला तर जमिनीला लागावा. नावाची पाटी गळून पडलेली, फक्त तिची चार भोकं राहिलेली. ही शेठची विलायती गाडी. लहानपणी मी ती फाटकाबाहेरून पाहिली होती, आबा तिच्यात खाकी टोपी घालून ताठ बसलेले. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी बॉनेटवर पडली होती आणि त्या पट्टीत कापसाचे तंतू तरंगत होते, वर जात होते, खाली येत होते, कुठेच टेकत नव्हते. मी तिथे किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही. कुंदन शेठने मागून हाक मारली तेव्हा कपाटाच्या मापाचा कागद माझ्या हातात नव्हता.

"कुंदन शेठ, ही घेतली तर चालेल?"

त्याने एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "ही नेलीत तर उपकार तुमचेच होतील," तो म्हणाला.

माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. माझी आई, तानुबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आबा बोलायचे थांबले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, खाणंपिणं ठीक, गुडघे जरा कुरकुरे, पण दिवसाकाठी दोन वाक्यं. एक, "चहा झाया का?" आणि दुसरं, "पंखा बंद कर." मला वाटलं, ही गाडी दारात आली, चालू झाली आणि आबांचा हात पुन्हा त्या स्टिअरिंगवर पडला, की आतलं काहीतरी सुरू होईल. काय सुरू होईल हे मला नीट ठाऊक नव्हतं. पण चित्र पूर्ण दिसत होतं. पहाट, मोकळा रस्ता, आबा गाडी चालवतायत, मी शेजारी बसलोय.

रावेरकडे केळी भरायला निघालेला एक रिकामा ट्रक वाट वाकडी करून धुळ्याला यायला तयार झाला. घरी कोकिळाने कपाटाची जागा पुसून ठेवली होती, भिंतीलगत रांगोळीची एक छोटी रेघसुद्धा काढली होती. ट्रकचं फाळकं पडलं, केळीच्या वाळक्या पानांतून गाडी खाली उतरली. कोकिळा तिच्याभोवती एक फेरी मारून आली.

"हे कपाट उघडतं कुठून?" तिने शांतपणे विचारलं आणि ती आत गेली.

मग आबा ओट्यावर आले. त्यांनी गाडी पाहिली. पुढच्या चाकाला काठीने एकदा टोचलं. "हाई कसाले आनी?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चहा झाया का?"

माणूस भावनांनी भरून आला की त्याला शब्द सुचत नाहीत, अशी मी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली.

आमच्या शेजारी तोताराम नाना राहतात. वीज मंडळातून निवृत्त झाले, पण सल्ल्यातून नाही. नळ गळो, पोरगी बघायची असो, दात दुखो, नानांकडे सल्ला तयार असतो, आणि तो ऐकला नाही तर पुढचे तीन सल्ले का ऐकला नाही याविषयी असतात. नानांनी गाडीचं इंजिन उघडायचंच नाही असा सल्ला दिला. "जुन्या वस्तूच्या आत पाहू नये सर. माणसाच्याही पाहू नये." हा त्यांनी आयुष्यात दिलेला एकमेव बरोबर सल्ला, आणि तो मी ऐकला नाही.

नरडाण्याच्या रस्त्याला कौतिक मिस्त्रीचं गॅरेज आहे. एरवी टेम्पो आणि सहा सीटर दुरुस्त करणारा माणूस, पण हात सोन्याचा. त्याने बॉनेट उचललं आणि आत हात घालून पाहिला. मग म्हणाला, "सर, याच्यात इंजन नही शे. घर शे."

आत उंदरांनी कापसाची गादी घातली होती. जिनिंगचाच कापूस, पहिल्या प्रतीचा. तो काढल्यावर इंजिन सापडलं, पण ते गंजून एकजीव झालेलं. कौतिकने त्यात तेल सोडलं, तीन दिवस भिजत ठेवलं, हातोडीने प्रेमाने ठोकलं, नंतर प्रेमाशिवाय ठोकलं. चौथ्या दिवशी त्याने हात पुसले. "हाई गयं सर. आते दुसरं बसाडनं पडी."

मला एखादा नात्यातला माणूस गेल्याची बातमी आल्यासारखं झालं. नानांनी मात्र ती लगेच कॉलनीभर केली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे स्थळं येऊ लागली. खरंच स्थळं. कुणाच्या मेहुण्याच्या शेतावर पाण्याचं इंजिन पडून होतं, "एकदम घरंदाज, वर्षातून दोन महिनेच चाललंय." शाळेतले पीटीचे सर म्हणाले, ई-रिक्षाची मोटर बसवा, आवाजच नाही. हिंदीच्या बाई म्हणाल्या, आवाजच नाही तर गाडी कशाला, खाट घ्या. नानांचं म्हणणं असं पडलं की दुसरेपणावर देताना फार चिकित्सा करू नये, निर्व्यसनी असलं म्हणजे झालं. म्हणजे तेल कमी पिणारं.

शेवटी कौतिकनेच एक शोधलं. व्हॅनचं इंजिन, पेट्रोलवरचं. "ट्रस्टनी गाडी होती सर. लई कमी चालेल. आन चालेल ती बठ्ठी हळू. कधी ओव्हरटेक नही, कधी घाई नही. ड्रायव्हर बी देवमाणूस."

मध्यमवर्गीय माणूस जुनी वस्तू घेताना शंभर प्रश्न विचारतो. मीही विचारले. तेल किती खातं, धूर कोणत्या रंगाचा, गळतं का, थंडीत उठतं का. ट्रस्ट कसला, हे तेवढं विचारलं नाही.

इंजिन बसलं, पण बॉनेट बसेना. नवं इंजिन जुन्यापेक्षा वीतभर उंच. कौतिकने बॉनेटला गोल भोक पाडलं आणि म्हणाला, यावर झाकण पाहिजे, बाक असलेलं, कडेला काठ असलेलं. मी घरी येऊन सगळीकडे पाहिलं. त्या आठवड्यात कोकिळा शंकरपाळ्यांचं पीठ मळायला बसली तर तिला परात सापडेना. तिने शेजारीपाजारी विचारलं, मांडणी उपसली, मोलकरणीला दोनदा शपथ घ्यायला लावली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिसऱ्या दिवशी टेम्पोमागे बांधून गाडी दारात आणली, तेव्हा परात तिच्या नाकावर पालथी बसवलेली होती, लाल रंगात, आठ स्क्रूंनी. कोकिळा तिच्याकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन तिने काठाखाली बोट फिरवलं. तिथे तिच्या माहेरच्यांनी कोरून घेतलेलं नाव होतं, आणि रंगाखालूनही ते लागत होतं.

त्या रात्री आम्ही दोघं एकाच घरात जेवलो, एवढंच मी सांगेन.

पहिली फेरी रविवारी सकाळी. कॉलनी जमली. नाना सुरक्षित जागा म्हणून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, शेवंतीच्या कुंड्यांपाशी. कौतिकने मला गिअर समजावले होते. फक्त एक गोष्ट त्यालाही तोवर माहीत नव्हती, ती ही की नवं इंजिन आणि जुना दांडा यांचं आपसात ठरलेलं नव्हतं. मी पहिला टाकला. गाडी संथपणे, अगदी राजेशाही थाटात, मागे निघाली. नाना मागे सरकले. गाडी आणखी मागे आली. नानांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुंपणाच्या कठड्यावर उडी घेतली. पाच कुंड्या गेल्या. कठड्यावर बसूनच त्यांनी धोतर सावरलं आणि म्हणाले, "सर, गाडीत दम आहे. दिशा तेवढी बघा."

दिशा कौतिकने दुरुस्त करून दिली. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गाडी तीसच्या वर जात नव्हती. पाय खाली टेकेपर्यंत दाबला तरी काटा तिसावर येऊन थांबायचा, थकल्यासारखा नाही, समाधानाने. पांझरेकाठच्या रस्त्याला मी तिला घेऊन गेलो, तर भूगोलाचे सर सायकलवरून शेजारी आले आणि वेतनवाढीच्या विषयावर माझ्याशी पूल येईपर्यंत बोलत राहिले. पूल आल्यावर "बरंय, मला जरा घाई आहे," म्हणून पुढे निघून गेले.

मानहानी होतीच, ती मी नाकारत नाही. पण तीसच्या चालीला एक गंमत असते, ती मला त्या रस्त्यावर कळली. स्कूटरवरून रोज जाताना जे मला कधी दिसलं नव्हतं, ते आपणहून समोर येऊन उभं राहायचं. नदीत उभं राहून म्हैस धुणारा माणूस आणि त्याने म्हशीच्या कानात सांगितलेलं काहीतरी. देवळाच्या कळसावर बसलेला एकच पोपट. कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून फिरणारी ढगाची सावली. उघड्या गाडीत थंड वारा यायचा, पण तोही घाईत नसायचा. मी घरी यायचो तेव्हा कोकिळा विचारायची, "झोपेतून उठून आलात का?"

आबा मात्र गाडीजवळ येत नव्हते. मी रोज म्हणायचो, आबा, एकदा हात लावून तर बघा. ते पंख्याकडे बघायचे.

आता कागद. गाडी माझ्या नावावर करायची आणि नवं इंजिन नोंदणी-पुस्तकात चढवायचं, म्हणून मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या खिडकीत मयुरी मॅडम होत्या, तरुण, शांत आणि मनापासून मदत करणाऱ्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांनी मदत केली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्यांनी जुनं पुस्तक चाळलं. "सर, यात रंग हिरवा आहे."

"शेठनी नंतर लाल केला असेल."

"आणि बॉनेटवर हे काय आहे?"

"परात," मी म्हणालो. एकदा खोटं बोललं की पुढे फार लक्षात ठेवावं लागतं.

त्यांनी रकाना शोधला. परातीला रकाना नव्हता. मग त्यांनी गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराची छाप आणायला सांगितली. कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची असते. हे काम मात्र माझ्या हातचं होतं. मी चांगला जाड कागद घेतला, सहा बीची पेन्सिल घेतली, आणि गाडीखाली पाठीवर पडून दीड तास काम केलं. आकड्यांना उठाव आला, कडेला हलकी छाया दिली, गंजाचा पोतसुद्धा उतरला. मॅडमनी तो कागद उजेडात धरला. "सर, हे घासलंय की काढलंय?"

"घासलंय."

"मग इतकं सुंदर कसं आलं?" त्यांनी तो परत केला. "पुन्हा आणा. जरा वाईट आणा."

वाईट छाप आणायला मला तीन फेऱ्या पडल्या. हात ऐकत नाही. शेवटी कोकिळाने चिडून एका फटक्यात घासून दिली, ती मंजूर झाली.

राहिलं इंजिन. ते कुठल्या गाडीतून काढलं, त्याचा दाखला हवा. मी कौतिककडून पाकीट आणलं आणि न उघडताच खिडकीतून आत सरकवलं. माझ्या मागे रांग होती. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खिडकीजवळ वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हाला माहीत असेलच. हे इंजिन शववाहिकेचं आहे."

त्या हळूच बोलल्या होत्या, पण रांग एक पाऊल मागे सरकली.

मी तसाच कौतिकच्या गॅरेजवर गेलो. "कौतिकभाऊ, तुम्ही मला सांगितलं नाही."

"तुम्ही इचारं नही," कौतिक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याच्या लेखी इंजिन म्हणजे इंजिन. त्यानेच मग वेगाचंही कोडं सोडवलं. लोक मागे चालत येत असतात, गाडी पुढे निघून जाऊ नये, म्हणून ट्रस्टने अॅक्सिलरेटरला एक अडण बसवून घेतलं होतं. ते इंजिनाबरोबर इकडे आलं. "काढी टाकू का? पाच मिनिटनं काम शे."

मी काढा म्हणणारच होतो. पण त्याच्या आदल्या दिवशी परिवहन कार्यालयातले तपासणीचे साहेब गाडीत बसून आवारात एक चक्कर मारून आले होते. परात पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, पण वेग पाहून ती गेली. "तीसच्या वर जात नाही? उत्तम," ते म्हणाले होते, आणि शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: वेग मर्यादित, सबब सुरक्षित. आता अडण काढलं तर शेरा खोटा ठरणार, आणि शेरा खोटा ठरला तर सगळे कागद पहिल्यापासून. मी कौतिकला म्हणालो, राहू द्या.

कॉलनीत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. रांगेत नानांचा भाचा होता. नानांनी लिंबू-मिरची आणून बांधली, मग एकीने भागणार नाही म्हणून दुसरी बांधली. गाडीला 'वैकुंठ' हे नाव पडलं. शाळेत मी उशिरा पोहोचलो की पीटीचे सर विचारायचे, "काय सर, आज वाटेत खांदा बदलायला थांबला होता का?" मी हसायचो. हसण्याशिवाय माणसाच्या हातात काय असतं.

मग एका दुपारी एक गृहस्थ दारात आले. घामाघूम, डोळे सुजलेले. "सर, तुमच्याकडे गाडी आहे असं कळलं. आमचे मामा गेले. केव्हा मिळेल?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, ट्रस्टचा खरा नंबर शोधून स्वतः फोन लावून दिला. ते गेल्यावर मी ओट्यावरच बसलो. विनोद कॉलनीचा होता, त्यांचे मामा खरे होते.

कोकिळा बाहेर आली. परातीचा राग ती विसरली नव्हती, पण या वेळचा तिचा आवाज वेगळा होता. "हे बघा. तुम्ही बसा त्या गाडीत, हवं तर शाळेत जा. पण आबांना मी तिच्यात बसू देणार नाही. घरातलं वडीलधारं एकच माणूस राहिलंय."

तिचं खरं होतं, आणि माझ्याही मनात तेच होतं.

"काबर?" आतून आवाज आला. आबा दारात उभे होते, काठी धरून. "माले काबर नही बसू देवाव?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आबांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, जेवढं मऊ करून सांगता येईल तेवढं. इंजिन जुनं आहे, एका संस्थेचं आहे, ती संस्था लोकांना शेवटी पोहोचवते, वगैरे.

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका आहे, मी पाण्याला धावलो. पण ते हसत होते. दोन वर्षांत आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि ओट्यावर बसले.

"इतलंच ना?" ते म्हणाले. "मंग चांगलंच शे. इंजनले वाट पाठ शे. कधी गरज पडनी तं पत्ता सांगाना काम नही."

कोकिळा तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

आबांनी डोळे पुसले. "पाचोराले भागाबाईकडे जाऊ. तिले देखाले चार वरीस झायात." भागाबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. डिसेंबरची थंडी, सूर्य नुकताच वर येत होता. कोकिळाने दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली, गोळ्यांची डबी, दोन मफलर, पाण्याची बाटली. दोनच सीट, त्यामुळे तिला येता येत नव्हतं. निघताना तिने हळदकुंकू आणलं आणि आधी परातीला लावलं, मग गाडीला.

मी उजवीकडचं दार उघडून उभा राहिलो. महिनोन् महिने मी या क्षणाची वाट पाहत होतो. "आबा, बसा. तुम्ही चालवा."

आबांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. "माले नही चालाडनी," ते म्हणाले. मग काठी टेकत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले, वाकले, गुडघे सांभाळत आत बसले आणि दार स्वतः लावून घेतलं. "तू चालाड. मी आठे बसस."

माझं मन खट्टू झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकं करून चित्र उलटंच निघालं. पण मी गाडी काढली.

हायवे सोडून मी आतला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीओळीने पुढे सरकत होत्या. धुकं अजून जमिनीवरच होतं आणि त्याच्यात कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते समजत नव्हतं. गाडी आपल्या चालीने चालली होती, इंजिन कुजबुजल्यासारखं वाजत होतं, एका लयीत. एक वासरू बराच वेळ आमच्याबरोबर धावलं आणि मग त्याला कंटाळा आला. एका गावात चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. कोवळं ऊन आबांच्या मफलरवर आलं, मग गालावर. मला वाटलं, आपण रस्त्याने जात नाही आहोत, रस्ताच आपल्या खालून मागे सरकतोय. 

पारोळा मागे टाकल्यावर मी सहज डावीकडे पाहिलं.

आबांची मान कलली होती. तोंड अर्धवट उघडं. हात मांडीवरून घसरून सीटवर उताणा पडलेला.

"आबा," मी म्हणालो. उत्तर नाही. "आबा." इंजिन त्याच लयीत वाजत होतं, आणि एकदम मला तो आवाज ऐकवेना. हे इंजिन कितीदा याच चालीने असंच काहीतरी घेऊन गेलं असेल, हे मला आता दिसायला लागलं. लिंबू-मिरची समोर डोलत होती. कोकिळाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि हात आबांच्या नाकाशी नेला. उघड्या गाडीत हाताला लागतोय तो त्यांचा श्वास की बाहेरचा वारा, ते कळेना.

आबांनी एक डोळा उघडला.

"काबर थांबना?"

मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गरम होता.

"झोप लागनी होती," ते म्हणाले. मग समोर बघत, त्या दोन वर्षांत बोलले नव्हते इतकं एकदम बोलले. "सोळा वरीस चालाडी हाई गाडी. कान इंजनवर, डोया रस्तावर, आन जीव मुठमां. कवय बंद पडी, कवय शेठ बोली. माले कधीच नही आवडनी ती. आन शेठ आठे बशीसन झोपे. पाचोरापाईन जळगावलोंग. तोंड उघडं टाकीसन. मी देखू, आन मनमां ये, गाडीमां हाई असली झोप कशी ऱ्हाती व्हई." त्यांनी मफलर सारखा केला. "आज समजनी. लई गोड शे."

मी डोळे पुसले. ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

"चाल आते," ते म्हणाले. "हयू हयू."

मी गाडी सुरू केली. तीसपर्यंतसुद्धा नेली नाही, वीसवरच ठेवली. दुसरा गिअर पडेपर्यंत आबांची मान पुन्हा कलली होती, आणि या वेळी ते बारीक घोरत होते.

मागून कापसाने शिगोशिग भरलेला एक ट्रॅक्टर आला. वाट अरुंद होती, त्याने हॉर्न वाजवला. मी गाडी जितकी कडेला घेता येईल तितकी घेतली, उघड्या टपातून हात वर करून त्याला पुढे बोलावलं, आणि तो शेजारी आला तसं ओठांवर बोट ठेवलं. ट्रॅक्टरवाल्याने वरून आबांकडे पाहिलं. मग त्याने इंजिनाचा जोर कमी केला, आणि एवढं मोठं धूड अगदी अलगद, पुन्हा हॉर्न न देता, आमच्या बाजूने पुढे काढलं.